मालक : रूट

इंदोऱ्यातली अभ्यासिका, मे महिना, रात्रीचे साडेअकरा.
भिंत अजून दुपारच ओकते आहे.
इथल्या कूलरची मोटर मी गुंडाळलेली, ती बरी चालते;
तेवढ्या भरवशावर मला इथे इंजिनियर म्हणतात.

करिश्मा उके म्हणाली,
"दादा, आत घेऊन राह्यला अन् लगेच बाहेर टाकून राह्यला.
पासवर्ड चुकला असता तर तसं म्हणाला असता ना?"
बरोबर बोलली पोरगी.
चुकलेल्याला हा चूक म्हणतो, लाल अक्षरांत.
हिला काहीच म्हणत नाही.
पडदा काळा होतो, एक श्वास घ्यावा इतका,
आणि पुन्हा तेच दार, तेच नाव, तीच रिकामी चौकट.

येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सह्या घेणारे रंगारी काका
वहीवरून मान न उचलता म्हणाले, "बंद करून चालू कर बे."
केलं होतं. चारदा.
"मंग नवीन टाक सगळं."
नवीन टाकणं सोपं असतं, काका.
जुन्यात काय काय होतं ते आठवणं कठीण.

कंट्रोल, ऑल्ट, एफ-थ्री.
खिडक्या गेल्या, रंग गेले, बाण गेला.
काळ्यावर पांढरी एकच ओळ आणि लुकलुकणारी रेघ:
कोण आहे?
तिने नाव लिहिलं. पासवर्ड टाकताना
मी कूलरकडे बघत राहिलो.
इथे तिला आत घेतलं, निमूट.
म्हणजे माणूस बरोबर, किल्लीही बरोबर.

जागा विचारली: एकसष्ट टक्के भरलेली. पुरे.
मग चुकांची नोंद उघडली, खालून वर वाचत गेलो
पहिली तक्रार सापडेपर्यंत;
बाकीच्या सगळ्या तिचीच लेकरं असतात.
परवानगी नाही.
कोणाला? हिला.
कशाची? हिच्याच घरातल्या एका फाईलची,
जिच्या नावाआधी टिंब असतं
आणि म्हणून जी कोणाला दिसत नाही.

यादी काढली, लपलेल्यांसकट.
मालक करिश्मा. मालक करिश्मा. मालक करिश्मा.
मालक रूट.
घर हिच्या नावावर, विजेचं मीटर भलत्याच्या.

शेजारी तारीख होती.
मंगळवार, रात्री दहा सत्तेचाळीस.

मंगळवारी पावणेअकराला जरीपटक्यातून फोन आला होता,
कूलरमधून धूर येऊन राह्यला, घरात लेकरू आहे.
आणि इकडे हे यंत्र अडून बसलेलं.
मी सगळ्यात मोठ्या अधिकाराने
पडदा उघड म्हणून हुकूम सोडला.
उघडला. त्या अधिकाराने काहीही उघडतं.
मागे काय कोणाच्या नावावर झालं
ते बघायला मी थांबलो नव्हतो.

"कोणं केलं असं?" तिने विचारलं, सहजच.
कूलरच्या पंपाने दोनदा उचकी दिली.
"मीच."
"कधी?"
"मंगळवारी."
"अन् तीन दिवस मी मलेच येडी समजून राह्यली."
काकांनी पहिल्यांदा वहीतून मान वर केली.

मग एक ओळ. मालक बदल; हे फाईलचं नाव, हे हिचं.
एंटर मारल्यावर यंत्र काही बोललं नाही.
त्या काळ्या खोलीत गप्प राहणं म्हणजे होकार,
हे मला शिकायला दोन उन्हाळे लागले होते.

परत एफ-सेव्हन. दार. नाव.
काळं. एक श्वास.
दुसरा.
आणि फुटाळ्याचं पाणी, तिच्याच मोबाईलने काढलेलं, जरा तिरकं,
वर डाव्या कोपऱ्यात अर्धवट भरलेला फॉर्म.
तिने खुर्ची पुढे ओढली, पाठ माझ्याकडे.
धन्यवाद म्हणाली नाही, ते ठीकच.

काकांनी वही सरकवली.
कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, दुरुस्ती,
आणि पुढे, मंगळवारची.
मग टाकीत दोन बादल्या पाणी ओतलं
आणि गाडीला लाथ मारली.